विल्सनचा आजार : बरे वाटले तरी गोळी का थांबवायची नाही



आनुवंशिक आजार म्हटला की आपल्याकडे लोक हात टेकतात. ‘रक्तातच आहे, त्याला कोण काय करणार?’ असे म्हणून मुलाला घरी बसवतात. पुष्कळ आनुवंशिक आजारांवर आजही चांगला उपाय नाही, हे खरे आहे. पण सगळ्यांच्या बाबतीत ते खरे नाही. या अंकात आम्ही ज्या आजाराचा धडा घेत आहोत त्याच्यावर १९५६ पासून तोंडाने घ्यायचे औषध आहे. त्याचे नाव विल्सनचा आजार.

औषध वेळेवर सुरू झाले आणि न चुकता चालू राहिले, तर या आजाराचा माणूस शिकतो, कामाला जातो, संसार करतो. औषध सुरूच झाले नाही, किंवा बरे वाटले म्हणून मध्येच बंद केले, तर तोच माणूस जिवाला मुकू शकतो. म्हणून हा धडा घरात सगळ्यांनी मिळून वाचावा. शिकणाऱ्या मुलामुलींनी तो आजी-आजोबांना वाचून दाखवावा.

हा आजार दुर्मीळ आहे. साधारण ३० हजार माणसांत एकाला तो असतो, असा जगभरातला अंदाज आहे. मग त्यावर एवढे लिहायचे कशाला? कारण दोन आहेत. ज्या घरात एक रुग्ण सापडतो त्या घरात दुसरा असण्याची शक्यता मोठी असते. आणि त्याची लक्षणे काविळीसारखी, दारूसारखी, वेडासारखी दिसतात, त्यामुळे खरे कारण सापडायला वर्षे जातात. हा काही परदेशातला आजार नाही. बंगळूरुच्या निम्हान्स संस्थेने २००७ साली आपल्याकडच्या २८२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला होता.

शरीरात नेमके काय बिघडते?

आपण जे खातो त्यातून शरीर हवे ते घेते, वापरते आणि नको ते बाहेर टाकते. या कामाला चयापचय म्हणतात. तांबे हा धातूही असाच रोजच्या जेवणातून पोटात जातो, साधारण एक ते दोन मिलिग्रॅम. धान्य, डाळी, शेंगदाणे, मांस या सगळ्यांत तो थोडाथोडा असतो. शरीराला तो लागतो, पण अगदी थोडा. उरलेले तांबे यकृत, म्हणजे लिव्हर, पित्तात सोडते आणि ते शौचावाटे निघून जाते.

तांबे बाहेर काढण्याचे हे काम यकृतातले एक प्रथिन करते. ते प्रथिन कसे बनवायचे याची सूचना ज्या जनुकात लिहिलेली असते, ते जनुक १९९३ साली शास्त्रज्ञांनी शोधून काढले. विल्सनच्या आजारात या सूचनेतच चूक असते. मोरी तुंबली की पाणी घरात साचते, तसे तांबे आधी यकृतात साचते. यकृतात मावेनासे झाले की रक्तात उतरते आणि मेंदू, डोळे, मूत्रपिंड, हाडे येथे जाऊन बसते. हे साचणे जन्मापासून सुरू असते, पण लक्षणे बहुधा पाच ते पस्तीस वर्षे या वयात दिसू लागतात. कधी त्याहून उशिराही दिसतात.

दोष कोणाचा?

दोष कोणाचाच नाही. आपल्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असेल तर आजार होत नाही. असा माणूस फक्त वाहक असतो, आणि त्याला ते आयुष्यभर कळतही नाही. दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या तरच आजार होतो.

आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. बाळ नुसते वाहक होण्याची शक्यता चारात दोन, आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक. मुलगा असो वा मुलगी, हिशेब सारखाच. म्हणून ‘सुनेच्या माहेरचे खोट’ असे म्हणून एकट्या आईला बोल लावणे चुकीचे आहे. बिघडलेली प्रत दोघांकडूनही आलेली असते. मागच्या जन्मीच्या पापाशी याचा काहीही संबंध नाही. कारण शरीरात आहे, आणि ते तपासता येते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मामाच्या मुलीशी किंवा आतेभावाशी लग्न करण्याची चाल आपल्या महाराष्ट्रात अजून आहे. एकाच आजी-आजोबांची नातवंडे असल्यामुळे दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता परक्यांपेक्षा जास्त असते. अशा लग्नातून प्रत्येक मूल आजारी होते असे नाही. पण घराण्यात असा आजार आधीच सापडला असेल, तर नात्यातले लग्न ठरवण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

कोणती लक्षणे पाहून सावध व्हावे?

लक्षणे तीन वाटांनी येतात. कधी एकाच वाटेने, कधी तिन्हींनी.

पहिली वाट यकृताची. लहान मुलांत बहुधा हीच दिसते. वारंवार कावीळ, भूक मरणे, थकवा, पोटात पाणी होऊन पोट फुगणे, पायांवर सूज, नाकातून रक्त येणे किंवा रक्ताची उलटी. आपल्याकडे कावीळ म्हटली की माळ घालणे, पाल्याचा रस पाजणे, नाकात औषध टाकणे सुरू होते. साधी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय माळेला मिळते. पण मुलाला पुन्हा कावीळ झाली, किंवा काविळीबरोबर पोट-पाय सुजले, तर माळेत दिवस घालवू नयेत. विल्सनच्या आजारात कधी कधी यकृत एकाएकी निकामी होते आणि हातात फार थोडे दिवस उरतात.

दुसरी वाट मेंदूची. ही बहुधा दहा-बारा वर्षांच्या पुढे दिसते. हात थरथरतो. चांगले असलेले अक्षर बिघडते. बोलणे जड आणि अस्पष्ट होते. तोंडातून लाळ गळते, गिळायला त्रास होतो. मान किंवा हातपाय वाकडे होऊन आखडतात. चालताना तोल जातो. तरुण मुलगा असा अडखळत चालू-बोलू लागला की लोक सरळ म्हणतात, ‘दारू प्यायला लागला.’

तिसरी वाट मनाची. हुशार मुलगी अभ्यासात एकाएकी मागे पडते, चिडचिड करते, कारण नसताना हसते किंवा रडते, गप्प होते, कधी विचित्र वागते. मग ‘अंगात आले’, ‘बाहेरचे आहे’ असे म्हणून तिला देवऋषाकडे नेले जाते. मेंदूत साचलेले तांबे अंगाऱ्याने निघत नाही. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवावे.

डोळ्यांतही एक खूण असते. बुबुळाच्या कडेला सोनेरी-तपकिरी किंवा हिरवट कडे दिसते. कैसर आणि फ्लायशर या दोन डॉक्टरांनी १९०२-०३ च्या सुमारास तिचे वर्णन केले. मेंदूची लक्षणे असलेल्या बहुतेक रुग्णांत ती आढळते. फक्त यकृताचा त्रास असलेल्यांत मात्र निम्म्यांच्या आसपासच दिसते. नुसत्या डोळ्यांनी ती कळेलच असे नाही. डोळ्यांचे डॉक्टर स्लिट लॅम्प नावाच्या यंत्रातून पाहतात. या तपासणीत दुखत नाही.

तपासण्या कोणत्या?

एकाच तपासणीवर निदान होत नाही. डॉक्टर दोन-तीन गोष्टी मिळून पाहतात.

पहिली, रक्तातील सेरुलोप्लाझमिन. तांबे वाहून नेणारे हे प्रथिन या आजारात बहुधा कमी असते. डेसिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा कमी आले तर शंका घेतात, १० पेक्षा कमी आले तर शंका बळावते. पण अंगात दाह असेल किंवा बाई गरोदर असेल तर हा आकडा वाढून ठीकही दिसू शकतो. म्हणून एका अहवालावर ‘काही नाही’ असे ठरवू नये.

दुसरी, २४ तासांच्या लघवीतील तांबे. ही तपासणी घरच्यांच्या हातून अनेकदा चुकते, म्हणून नीट वाचा. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतर दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली, अशी प्रत्येक वेळची लघवी प्रयोगशाळेने दिलेल्या डब्यातच साठवायची. घरातला तांब्या, पितळी भांडे किंवा कोणतीही जुनी बाटली वापरायची नाही. मधली एक वेळ जरी बाहेर गेली तरी आकडा चुकतो. लक्षणे असलेल्या रुग्णात हा आकडा बहुधा १०० मायक्रोग्रॅमच्या वर असतो. मुलांत ४० च्या वर गेला तरी डॉक्टर पुढचा तपास करतात.

याशिवाय यकृताच्या रक्ततपासण्या, पोटाची सोनोग्राफी, मेंदूचा एमआरआय, काहींना यकृताच्या तुकड्याची तपासणी आणि जनुकाची तपासणी सांगितली जाते. सगळ्यांनाच सगळे लागत नाही.

औषध कसे सापडले?

लंडनमध्ये काम करणारे डॉ. विल्सन यांनी १९१२ साली या आजाराचे सविस्तर वर्णन केले. तेव्हा त्यावर काहीच उपाय नव्हता. लक्षणे सुरू झालेला रुग्ण बहुधा काही वर्षांत जात असे. तांबे साचते हे पुढच्या काही दशकांत स्पष्ट झाले. मग १९५१ च्या सुमारास तांबे ओढून घेणारी इंजेक्शने देऊन पाहिली गेली. ती फार दुखत आणि कायम देणे अवघड होते. १९५६ साली इंग्लंडचे डॉ. जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन हे तोंडाने घ्यायचे औषध या आजारासाठी पुढे आणले. ज्यांना ते सोसत नव्हते त्यांच्यासाठी त्यांनीच १९६९ साली ट्रायेंटिन आणले. झिंकचा, म्हणजे जस्ताचा, उपयोगही त्याच काळात पुढे येत होता. जो आजार जीवघेणा होता तो औषधाने सांभाळता येण्याजोगा झाला.

आज कोणती औषधे देतात?

औषधे दोन तऱ्हेची आहेत. काही औषधे साचलेले तांबे बाहेर काढतात, तर काही नवे तांबे आत येऊ देत नाहीत.

पेनिसिलामाइन पहिल्या तऱ्हेचे आहे. ते तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर नेते. ते उपाशीपोटी घ्यायचे असते, म्हणजे जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. सकाळच्या चहालाही हाच नियम. उठल्यावर पाण्याबरोबर कॅप्सूल घ्यावी आणि चहा-चपाती तासाभराने. अन्नाबरोबर घेतले तर औषध पुरेसे अंगी लागत नाही. लोहाच्या गोळ्या आणि पित्ताची औषधे त्याच वेळी घेऊ नयेत. डॉक्टर सुरुवात थोड्या मात्रेने करतात आणि हळूहळू वाढवतात. याबरोबर बी-६ जीवनसत्त्वाची गोळीही देतात, कारण पेनिसिलामाइनमुळे ते शरीरात कमी पडते. ती गोळी ‘साधी ताकदीची’ समजून सोडू नये.

या औषधाचे त्रासही आहेत. पहिल्या काही आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, गाठी येऊ शकतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात. लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, मग लघवीला फेस येतो आणि तोंडावर सूज दिसते. म्हणून सुरुवातीला रक्त-लघवीची तपासणी वारंवार करावी लागते. ताप, पुरळ, घसा दुखणे, अंगावर निळे डाग किंवा सूज दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर औषध सुरू होण्याआधीच सांगावे.

आणखी एक गोष्ट घरच्यांना आधीच माहीत हवी. मेंदूची लक्षणे असलेल्या काही रुग्णांत औषध सुरू झाल्यावर थरथर किंवा आखडणे आधी वाढते. तेव्हा घरचे घाबरून औषध फेकून देतात. असे झाले तर लगेच डॉक्टरांकडे जावे. ते मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात. पण उपचार सोडून घरी बसू नये.

ट्रायेंटिनही तांबे बाहेर काढते आणि त्याचे त्रास तुलनेने कमी असतात. मात्र ते महाग आहे आणि सहज मिळत नाही.

झिंकचे काम वेगळे आहे. ते आतड्याच्या पेशींत असे प्रथिन वाढवते की जेवणातले तांबे तिथेच अडकते आणि शौचावाटे निघून जाते. लक्षणे अजून दिसत नाहीत अशा भावंडांना, किंवा साचलेले तांबे बरेचसे निघून गेल्यावर पुढच्या सांभाळासाठी, झिंक देतात. तेही जेवणापासून दूर घ्यायचे असते. मळमळ होत असेल तर वेळ कशी बदलायची ते डॉक्टर सांगतात. झिंक आणि पेनिसिलामाइन दोन्ही चालू असतील तर त्यांत काही तासांचे अंतर हवे, नाहीतर ती एकमेकांनाच अडवतात. जुलाब झाल्यावर आशाताई लहान मुलांना झिंकच्या गोळ्या देतात. धातू तोच, पण मात्रा आणि मुदत वेगळी. त्या गोळ्यांवर हा आजार परस्पर सांभाळू नये.

लक्षणांवरची औषधे

तांब्यावरचे औषध मुळावर काम करते, पण त्याला वेळ लागतो. यकृत सुधारू लागायला काही महिने, मेंदूची लक्षणे कमी व्हायला सहा महिन्यांपासून दोन-तीन वर्षेही लागतात. तोवर रुग्णाला त्रास सोसावा लागू नये म्हणून लक्षणांवर वेगळी औषधे देतात. आखडणे आणि लाळ कमी करण्यासाठी ट्रायहेक्सीफेनिडिल, स्नायू सैल करण्यासाठी बॅक्लोफेन, थरथरीसाठी प्रोप्रॅनोलॉल, आकडी येत असेल तर आकडीचे औषध. पोटात पाणी झाले असेल तर कमी मीठ आणि लघवी वाढवणारी स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी. उदास वाटणे आणि भास होणे यांवर मानसोपचार तज्ज्ञ औषध देतात. मनोविकाराच्या काही औषधांनी हातपाय आणखी आखडतात, म्हणून ‘मला विल्सनचा आजार आहे’ हे प्रत्येक डॉक्टरांना आधी सांगावे.

एक फरक नीट समजून घ्या. थरथर थांबली तर डॉक्टर थरथरीची गोळी बंद करू शकतील. तांब्यावरचे औषध मात्र आयुष्यभर चालते. ते डॉक्टर बदलतील, त्याची मात्रा कमी करतील, पण पूर्ण बंद करणार नाहीत. कोणती गोळी कशासाठी आहे हे पाकिटावर मराठीत लिहून ठेवावे.

यकृत पूर्ण निकामी झाले तर यकृत प्रत्यारोपण हाच मार्ग उरतो. ते खर्चाचे आणि मोठे काम आहे. तिथवर वेळ येऊ न देण्यासाठीच ही रोजची गोळी.

बरे वाटते, मग गोळी कशाला?

या धड्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. ताप उतरला की तापाची गोळी थांबते. क्षयाचे औषधही ठरलेल्या महिन्यांनंतर संपते. विल्सनच्या आजाराचे तसे नाही. जनुकातली चूक औषधाने दुरुस्त होत नाही. औषध फक्त रोज साचणारे तांबे रोज काढते किंवा अडवते. मोरी तुंबलेलीच आहे, आपण रोज पाणी उपसतो आहोत. उपसणे थांबले की पाणी पुन्हा चढणार.

आणि ते लगेच दिसत नाही, हाच धोका आहे. समजा, एका तरुणाने नोकरी लागल्यावर ‘आता ठणठणीत आहे’ म्हणून कॅप्सूल बंद केल्या. पहिला महिना काही होत नाही, दुसराही जातो. त्याला वाटते, आपला निर्णय बरोबर होता. पण आत यकृतात तांबे चढत असते. औषध सोडलेल्या रुग्णांचे यकृत काही महिन्यांत किंवा थोड्या वर्षांत एकाएकी निकामी झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे. मेंदूची लक्षणे परत आली तर मग औषधाने पूर्वीइतकी सुधारणा होईलच असे नाही.

काही दिवस औषध सुटले असेल तर घाबरून एकदम पूर्ण मात्रा सुरू करू नये. पेनिसिलामाइन खंडानंतर पुन्हा घेताना अॅलर्जी उठू शकते. डॉक्टरांना खरे सांगावे. ते रागावतील म्हणून लपवू नये.

बाई गरोदर राहिली तरी औषध बंद करायचे नाही. बंद केल्यास आईचा जीव धोक्यात येतो. डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात. दिवस राहण्याचा विचार असेल तेव्हाच बोलून घ्यावे. सासूबाईंनीही हे समजून घ्यावे, कारण ‘पोटात बाळ आहे, गोळ्या नको’ हा सल्ला घरातूनच येतो.

भावंडांची तपासणी

एक मूल आजारी निघाले की त्याच्या सख्ख्या भावा-बहिणींची तपासणी करायलाच हवी, ती धडधाकट दिसत असली तरी. चारात एक ही शक्यता विसरू नका. लक्षणे येण्याआधीच आजार सापडला आणि औषध सुरू झाले, तर त्या मुलाला आयुष्यात कधीच त्रास न होण्याची चांगली शक्यता असते. अगदी तान्ह्या बाळात सेरुलोप्लाझमिन मुळातच कमी असते, म्हणून त्याची तपासणी केव्हा करायची ते डॉक्टर ठरवतील. ‘याला तर काहीच होत नाही, मग सुया कशाला टोचायच्या?’ असे म्हणून ही संधी घालवू नये.

खाणे-पिणे आणि भांडी

कलेजी, गुर्दा, कालवे-खेकडे, अळंबी, चॉकलेट, काजू-बदाम आणि तीळ यांत तांबे जास्त असते. उपचाराच्या पहिल्या वर्षी तरी ते टाळावे. रोजची भाजी-भाकरी, डाळ-भात, अंडी, दूध यांची भीती नको. नुसत्या पथ्याने हा आजार आटोक्यात येत नाही, औषध लागतेच. दारू पूर्ण बंद. ताम्रभस्म असलेली औषधे घेऊ नयेत. कावीळ ‘अ’ आणि ‘ब’ यांच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारावे.

‘तांब्याच्या भांड्यातले पाणी आरोग्याला चांगले’ असे हल्ली सगळीकडे ऐकू येते. विल्सनच्या रुग्णाने ते पिऊ नये. त्याचे पाणी स्टीलच्या, मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात ठेवावे.

भांड्यांवरून आपल्या महाराष्ट्रातलीच एक गोष्ट सांगतो. पूर्वी आपल्याकडे वर्ष-दोन वर्षांच्या मुलांचे यकृत कडक होऊन ती दगावत. त्याला भारतीय बालयकृतविकार म्हणत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. भावे आणि डॉ. पंडित यांनी इंग्लंडचे डॉ. टॅनर यांच्याबरोबर त्याचा शोध घेतला. तान्ह्या मुलांना पितळेच्या भांड्यात तापवलेले आणि ठेवलेले दूध मिळत होते, आणि त्या दुधात तांबे उतरत होते, हे त्यांनी १९८३ साली मांडले. भांडी बदलत गेली, स्टील आले, आणि तो आजार आता क्वचितच दिसतो. विल्सनचा आजार त्याहून वेगळा आहे. तिथे तांबे भांड्यातून येत होते, म्हणून भांडे बदलून काम झाले. येथे साधे जेवणच पुरेसे आहे, म्हणून भांडे बदलूनही औषध लागते.

घराने काय करावे?

औषधाची जबाबदारी घरातल्या एका माणसाने घ्यावी आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करावी. मुलगा मोठा झाला की हळूहळू ती त्याच्याकडे द्यावी.

ही औषधे प्रत्येक मेडिकलमध्ये नसतात. किमान पंधरा दिवसांचा साठा जास्तीचा ठेवावा. गावी जाताना, लग्नाला जाताना, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना गोळ्या अंगाजवळच्या पिशवीत असाव्यात.

सगळे अहवाल एका फायलीत लावावेत. वर्षातून किमान दोनदा तपासणी करावी, तब्येत चांगली असली तरीही. पेनिसिलामाइन सुरू झाल्यावर लघवीतले तांबे आधी खूप वाढते. ते पाहून घाबरू नये, कारण तांबे बाहेर पडत असल्याची ती खूण आहे.

खर्चाची अडचण असेल तर औषध सोडण्याआधी बोलावे. मोठ्या सरकारी आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो. रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तिथे जावे आणि कोणती योजना किंवा निधी लागू होतो ते विचारावे. एकटे जायला संकोच वाटत असेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलाला किंवा महिला मंडळातल्या ताईंना सोबत न्यावे.

उजळणी

घरात एकमेकांना हे पाच प्रश्न विचारा.

१. या आजारात कोणता धातू साचतो आणि आधी कुठे? – तांबे, आधी यकृतात.
२. तो फक्त आईकडून येतो का? – नाही. बिघडलेली प्रत आई आणि वडील दोघांकडूनही यावी लागते.
३. पेनिसिलामाइन केव्हा घ्यायचे? – उपाशीपोटी, जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी.
४. बरे वाटले, दिवस राहिले, किंवा त्रास वाढला तर औषध आपल्या मनाने थांबवायचे का? – नाही. डॉक्टरांकडे जायचे.
५. घरात एक रुग्ण सापडला तर पुढचे काम कोणते? – सख्ख्या भावंडांची तपासणी.

आपल्या गल्लीत एखाद्या मुलाला पुन्हा पुन्हा कावीळ होत असेल, एखाद्या मुलीचे अक्षर आणि बोलणे बिघडत चालले असेल, तर हे पान त्या घरी नेऊन द्या. ‘एकदा तांब्याची तपासणी करता येईल का, एवढे डॉक्टरांना विचारा’ असे सांगा. तो विल्सनचा आजार नसेलही. पण असेल, तर आज विचारलेला हा प्रश्न त्या मुलाचा जीव वाचवू शकतो.